सावली घेऊन आलेली बस

आमच्याकडे थंडी हवेतून येत नाही, पोत्यातून येते. मटारवाल्याचा ठेला फाटकाशी थांबतो, तो पाठीवरचं पोतं ओसरीवर धप्पकन टाकतो, आणि मला कळतं की आता संक्रांत मागे पडेपर्यंत माझ्या उजव्या अंगठ्याचं नख हिरवं राहणार. यंदाही ते परवापासून हिरवं झालं आहे. पोत्याचं तोंड सोडलं की वास येतो, ओल्या मातीचा, कच्च्या गोडीचा, थोडासा गोणपाटाचा. तो नाकात गेला की मला आधी माझा मूर्खपणा आठवतो आणि मग ती बस. दोघांचं नातं जवळचं आहे, म्हणून एकत्रच सांगते.

जबलपुरात सीझनमध्ये मटार कोणी किलोने घेत नाही. किलोने मटार मागणारा माणूस इथे पाहुणा समजला जातो, किंवा आजारी. हे मला पहिल्या वर्षी कोण सांगणार? अमरावतीहून लग्न होऊन आलेली एक सडपातळ शहाणी, म्हणजे मीच, नवी साडी नेसून ठेल्यावर गेली आणि म्हणाली, "भैया, पावभर मटर देना." ठेलेवाल्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाला, "इतने तो ऐसे ही ले जाओ, बहूजी." मला वाटलं, हा माझ्या रूपाचा परिणाम. घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलंही. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हसू आवरायला वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं धरलं होतं, तरी मला संशय आला नाही. अशी ती मुलगी होती. आज भेटली तर मी तिला गोलावर बसवून एक पोतं एकटीने सोलायला लावीन.

गोल म्हणजे काय, ते सांगते. शहराच्या टोकाला रांझी आहे, तिथून थोडं आत आमची कॉलनी आहे. हे जिथे होते त्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर होणाऱ्यांना क्वार्टर सोडावं लागतं, तेव्हा अनेकांनी मिळून इथे प्लॉट घेतले. मेन रोडवरून एकच रस्ता सरळ आत येतो आणि शेवटी एका मोकळ्या, गोल जागेत संपतो. पुढे फॅक्टरीची उंच भिंत. हिवाळ्यात सकाळचं स्वच्छ ऊन सगळ्या कॉलनीत फक्त तिथेच पडतं. घरांना गच्च्या आहेत, नाही असं नाही. पण गच्च्यांना जिने आहेत आणि आम्हाला गुडघे.

म्हणून घरातली माणसं ऑफिसला, शाळेला गेली की आम्ही खुर्च्या, वेताचे मोढे, परात, सूप घेऊन गोलावर जमतो. उन्हाकडे पाठ करायची. एका दिवशी एकीचंच पोतं उघडायचं, आणि सगळ्यांनी मिळून सोलायचं. ज्याचं पोतं, त्याचा चहा. सोलताना दाणा तोंडात टाकायचा नाही, कारण दाणा दुसरीचा असतो. सालं गाईला. या कायद्यात आजवर कोणी दुरुस्ती सुचवलेली नाही, कारण दुरुस्ती सुचवायची तर तिवारी भाभींना विचारावं लागेल.

तिवारी भाभी माझ्या समोरच्या घरात राहतात. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाजाने पुष्कळ. गोलाच्या बरोबर मध्यावर त्यांची खाट पडते. बाकीच्यांनी सभोवती बसायचं. माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला, आणि हे स्थान मला सहज मिळालेलं नाही. आमचं दर वर्षी एक भांडण ठरलेलं असतं. त्या मटार वाटून निमोना करतात, मी उसळ करते, तिच्यात गूळ घालते. "मटर में गुड़," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणतात, "जैसे ऊपरवाले ने मीठा बनाया ही नहीं, इनको फिर से बनाना है." मी म्हणते, निमोना खाऊन दात असण्याचं काही कारण उरत नाही. मग दुसऱ्या दिवशी वाट्या इकडून तिकडे जातात आणि रिकाम्या परत येतात.

त्या सडपातळ शहाणीकडे परत जाऊ. तिचा सगळ्यात मोठा दागिना होता ह्यांची स्कूटर. राखाडी रंगाची, चढावर खोकणारी. मी मागे एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची, एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने पदर धरलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की भोसल्यांच्या वेळेपासून ही अंबारी माझ्याच घराण्याकडे आहे. सासरची मंडळी खरंच नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत इकडे आली होती. मी आली होती पॅसेंजर गाडीने, पण ते मी विसरली होती.

तेव्हा जबलपुरात टेम्पो चालायचे, पुढे नाक काढलेले, तीन चाकांचे. माणसं आत कोंबलेली आणि मागे काळा धूर. आत बसलेल्यांना एकमेकांचे गुडघे टोचत, पण शब्द ऐकू येत नसत. मी त्यात कधी पाय ठेवला नाही. फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या कितीतरी बायका सायकलवर जात. माझी शेजारीण विमल तर साडी खोचून सायकलने शाळेत शिकवायला जायची. घंटी वाजवत, घामाघूम होऊन परत यायची. मला तिची दया यायची. एकदा ह्यांनी हौसेने म्हटलं, "शालू, तुला पण शिकवतो. संध्याकाळी मैदान रिकामं असतं." मी मान ताठ करून उत्तर दिलं, "आमच्या घराण्यात बायका सायकल चालवत नाहीत." कोणतं घराणं? माझे वडील पोस्टात होते आणि माझी आत्या तालुकाभर सायकलवर फिरून सुईणीचं काम करायची. हे ह्यांना माहीत होतं. ते फक्त "अच्छा" म्हणाले.

मला कुठेही जायचं असलं की मी नुसतं "चला" म्हणायची. कुठे, ते ह्यांना आपोआप कळायचं. याला मी तेव्हा प्रेम समजायची, आणि प्रेम ते होतंच. पण त्यामुळे झालं असं की आयुष्यात कुठल्या रस्त्याने कुठे जातात हे मी कधी पाहिलंच नाही. मी फक्त ह्यांची पाठ पाहिली. निळा चौकड्यांचा शर्ट, मानेवर पावडर.

हे गेले, आणि मी ह्यांच्या स्कूटरवरून उतरून मुलाच्या कारमध्ये बसली. अजय चांगला मुलगा आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं, मी भांडून घेतलं असतं. तो प्रत्येक वेळी म्हणतो, "आई, संडेला नेतो नं." आणि नेतो. पण संडेला कधी फॅक्टरीत ओव्हरटाइम निघतो, कधी सर्व्हिसिंगला गाडी जाते, कधी सुनेच्या माहेरचं लग्न. बॅटरी रिक्षात तो बसू देत नाही, कारण एकदा त्याच्या डोळ्यांदेखत एक कलंडली होती. तशाही त्या मेन रोडवर उभ्या असतात, एकट्या म्हातारीसाठी आत येत नाहीत. आणि मेन रोड माझ्या गुडघ्यांना परदेश आहे. मी घरातलं एक नाजूक सामान झाली होती. सवडीने उचलायचं, जपून ठेवायचं, वेळेत परत आणायचं.

आणि मला जायचं असायचं एकाच ठिकाणी. विजय नगरला, विमलकडे.

विमल तिथे मुलीजवळ राहते. तिची नजर गेली आहे. पूर्ण नाही, उजेड कळतो, माणूस कळतो, अक्षर कळत नाही. जी बाई आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवत आली, तिच्या घरात मराठी वाचून दाखवणारं कोणी नाही. मुलीला वेळ नाही. नातीला मराठी समजतं, पण ती वाचायला लागली की पुस्तकातल्या जमीनदाराला ताप चढल्यासारखा वाटतो, एकेक शब्द कण्हत येतो. म्हणून मी एक जाडजूड कादंबरी घेऊन तिच्याकडे जायची आणि वाचायची. अजय खाली गाडीत थांबायचा. तो बिचारा हॉर्न वाजवत नसे. पण गाडीत माणूस थांबलेलं आहे हे माहीत असलं की पान उलटताना बोटं घाई करतात. वर्णनं मी गाळायची. विमलला ते कळायचं. "नदी आली असणार इथे," ती म्हणायची, "एवढ्या लवकर पलीकडे कशी गेली?"

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही अशा जागी थांबलो की कादंबरीतली सून भरलेली ट्रंक घेऊन उंबऱ्यावर उभी होती, आणि ती जाते की राहते हे पुढच्या पानावर होतं. अजयला फोन आला, मला उठावं लागलं. त्यानंतर एक संडे गेला, दुसरा गेला, दिवाळी गेली, मटार आला, आणि ती सून ट्रंक घेऊन उंबऱ्यावर उभीच. विमल फोनवर म्हणाली, "शालू, तिचे हात दुखत असतील गं." मी म्हटलं, पुढचं फोनवर वाचते. तर म्हणे, "नको. फोनवर तू आणखीच गाळशील."

आणि त्याच हिवाळ्यात बस आली.

बॅटरीवर चालणारी बस शहरात आधीच होती, पण रांझीच्या चौकापर्यंतच. ती आत आमच्या कॉलनीपर्यंत वाढवणार, असं बरेच दिवस बोललं जात होतं. आम्ही ते मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी आम्ही गोलावर बसलो होतो. पोतं कोणाचं होतं आठवत नाही, चहा पातळ होता एवढं आठवतं. तिवारी भाभी बबलूच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, बदलीची गोष्ट सांगत होत्या. अचानक माझ्या परातीतले दाणे काळपट दिसायला लागले. पाठीवरचं ऊन विझलं.

"बदरा आ गए का?" तिवारी भाभी वर न पाहता म्हणाल्या.

"मावठ्याचा पाऊस येईल," कोणीतरी म्हणालं. "माझे पापड वरती वाळत आहेत."

आम्ही ढगांवर थोडं बोललो. मग पुन्हा बदलीवर आलो. ऊन काही परत येईना. शेवटी मी मान वळवली, तर माझ्या पाठीमागे, हात लावता येईल इतकी जवळ, एक लांबलचक हिरवी बस उभी. किती वेळ उभी होती देव जाणे. आवाज नाही, धूर नाही. काचेमागे ड्रायव्हर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता, एखाद्या घरी पूजा चालू असताना दारात थांबावं तसा.

त्याने खिडकीतून डोकं काढलं. "अम्मा, ज़रा सरक जातीं तो गाड़ी घुमा लेते."

"घुमा लेते?" तिवारी भाभी म्हणाल्या. "पहले चालू तो कर लो."

"चालू है अम्मा."

"चालू है तो बोलती काए नहीं?"

"बैटरी वाली है. बोलती नहीं है."

आमच्या गोलावर न बोलणारं कोणी पहिल्यांदाच आलं होतं. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. आणि मग सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण सरकारी माणसाशी बोलायचं काम माझं. माझं हिंदी रागात फार शुद्ध होतं. मी उठली, साडीवरची सालं झटकली आणि म्हणाली, "देखिए भैया, यह महिलाओं के बैठने का स्थान है. आप कृपया वाहन बाहर ही घुमाइए."

तो बिचारा "हओ अम्मा" म्हणाला. "ऊपर बता देंगे, अंदर जगह नहीं है." आणि ती एवढी मोठी बस आल्या पावली मागे मागे, बिनआवाजाची, मेन रोडपर्यंत गेली. ऊन परत आलं. तिवारी भाभींनी माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या दिवशी माझ्यासाठी चहात दुप्पट आलं पडलं. विजय साजरा करत मी इतके मटार सोलले की नखात कळ आली.

संध्याकाळी जेवताना मी ही हकिगत घरात रंगवून सांगितली. सून मीनल पोळी लाटून राहिली होती. लाटणं थांबवून तिने विचारलं, "आई, ती बस कुठे जाते?"

"मला काय माहीत. जात असेल कुठे."

"विजय नगरला जाते. माझ्या ऑफिसातल्या दीदी त्याच बसने येतात."

मी उसळीत गूळ कमी पडला का ते पाहिलं.

"म्हणजे सरळ विमलमावशीच्या घराशी," मीनल म्हणाली. "आणि तुम्ही तिला हाकलून आल्या?"

अजयने मान खाली घालून घास घेतला. वडिलांसारखाच आहे. फक्त त्याच्याजवळ वर्तमानपत्र नव्हतं.

मला वाटायचं की ती सडपातळ शहाणी म्हातारी होऊन गेली. कुठली जाते? तिचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, पण कोणी दारात बस आणून उभी केली की ती पदर सावरून म्हणणार, कृपया वाहन बाहर घुमाइए. आमच्या घराण्यात बायका ऐकून घेत नाहीत.

मी हार मानणारी नाही. दोन दिवसांनी कादंबरी पिशवीत घातली आणि मेन रोडकडे पायी निघाली. ठरवलं, दर फाटकाशी थांबत थांबत जायचं. पहिल्या फाटकाशी थांबली, तर आतून सून आली, "दादीजी, तबियत ठीक है?" तिने खुर्ची आणली. दुसऱ्या फाटकाशी पाणी आलं, तिसऱ्याला चहा आणि टोस्ट. आमच्या कॉलनीत म्हातारं माणूस रस्त्यात टेकलं की त्याला पुढे जाऊ द्यायची पद्धत नाही. चौथ्या फाटकाशी पोचेपर्यंत कोणीतरी अजयला फोन केला होता. तो फॅक्टरीतून आला, मला गाडीत घातलं आणि घरी सोडलं. रागावला नाही. "आई, मला सांगायचं नं," एवढंच म्हणाला, आणि ते शब्द मला टोस्टपेक्षा जड गेले. गाडीत बसताना रस्त्याच्या टोकाला, मेन रोडवर, बस वळताना दिसली होती. पेट्रोल पंपाजवळ वळसा घेऊन ती शहराकडे निघून गेली. माझ्याच सांगण्यावरून.

आता उरला एकच रस्ता, आणि तो तिवारी भाभींच्या खाटेवरून जात होता.

माझ्या पोत्याचा दिवस मी निवडला. चहा दाट केला, आलं ठेचून घातलं, मीनलकडून मटाराच्या करंज्या करवून घेतल्या. तिवारी भाभी दुसरी करंजी खात असताना मी सहज विचारलं, "भाभी, नरबदा जी कब गई थीं आख़िरी बार?"

त्यांचा हात थांबला. जबलपूरच्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नर्मदेला आम्ही जातो-येतो म्हणतच नाही, ती असते. पण त्या गेल्या नव्हत्या. मला ठाऊक होतं की त्या गेल्या नव्हत्या.

"बबलू को टाइम कहाँ है," त्या म्हणाल्या. "कहता है, ले चलेंगे अम्मा."

"संडे को?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरातही संडेच होता.

"सुना है विजय नगर से दूसरी बस मिलती है," मी शेंगेचं पोट फोडत म्हटलं. "तिलवारा घाट तक. संक्रांत आ रही है." आणि लगेच पुढच्या बाईला विचारलं की तिच्या नातवाचा खोकला कसा आहे.

तिवारी भाभी पुढची शेंग उचलून सोलायला लागल्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. माझा दाणा. कायदा मोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोलावर गेली तर खाट मध्यावर नव्हती. भिंतीला लागून, पार कडेला होती. सगळ्या बायका सूप हातात घेऊन गोंधळून उभ्या होत्या, सूर्यानेच जागा बदलल्यासारख्या.

"काए खड़ी हो?" तिवारी भाभी म्हणाल्या. "इधर धूप ज़्यादा अच्छी है. बीच में तो पीठ जलती है."

मी खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवली. "सही कह रही हैं," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी अजयच्या गाडीत बसून मेन रोडवर गेलो. बस उभी होती. तिवारी भाभींनी काच खाली केली. "काए भैया, रस्ता भूल गए का? हम लोग रोज़ राह देख रहे हैं, तुम आते ही नहीं."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आकाशाकडे पाहिलं. ढग वगैरे आहेत का ते.

तो म्हणाला, आता साहेब येऊन जागा पाहून जातील, त्यांनी हो म्हटलं तरच. तीन-चार दिवस गेले. साहेब आले. तरुण होते, चष्मेवाले, बुटांची काळजी घेत चालत होते. गोलाभोवती एक फेरी मारली. "यहाँ लोग बैठते हैं, ऐसा बताया था," ते म्हणाले. "कोई बैठेगा तो गाड़ी मुड़ेगी नहीं."

"यहाँ?" तिवारी भाभी सालांच्या ढिगावर उभ्या राहून म्हणाल्या. "यहाँ तो कोई नहीं बैठता."

साहेबांनी सालांकडे पाहिलं. गाय शांतपणे सालं खाऊन राहिली होती. मध्यावर खाटेच्या चार पायांचे चार खड्डे, वर्षानुवर्षांचे. आणि कडेला आम्ही सगळ्या, परात मांडीवर घेऊन, तोंडं बंद करून. इतक्या बायका एकाच वेळी गप्प बसलेल्या त्या माणसाने कधी पाहिल्या नसतील. घाबरला असावा. "ठीक है माताजी," म्हणाला.

यंदा मटार सोलताना बसची सावली आमच्या पायांवरून जाते. आधी खाट काळी होते, मग परात, मग माझी चपला सोडलेली पावलं. हात थांबत नाहीत, बोलणं थांबत नाही. सावली निघून गेली की कोणीतरी म्हणतं, "ग्यारह वाली गई." तिवारी भाभी गेल्या संक्रांतीला तिलवाऱ्याला जाऊन आल्या, डुबकी मारून आल्या, बबलूसाठी बाटलीत नर्मदा घेऊन आल्या. जाताना बसमध्येही पदरात शेंगा घेऊन बसल्या होत्या. कंडक्टर मुलीने हटकलं तर तिलाच चार शेंगा सोलायला दिल्या.

पण माझी पहिली फेरी त्याच्या आधीची. बस आत येऊ लागली त्याच आठवड्यातली. एकटीची. सकाळी अजय म्हणाला, "आई, मी सोडतो नं."

"काहून? तू बसमागे धावणार?"

धावला नाही, पण गाडीने बसच्या मागे मागे आला. मागच्या काचेतून मला दिसत होता, हात स्टिअरिंगवर, मान पुढे काढलेली. रांझीच्या चौकात मी त्याला हाताने हाकललं, कावळ्याला हाकलतात तसं. तो हसला. मग फॅक्टरीकडे वळला.

कंडक्टर मुलगी जवळ आली. "अम्मा, कहाँ का?"

साधा प्रश्न. सगळ्यांना विचारतात. माझी जीभ "चला" म्हणायला तयार होती, आणि समोर म्हणण्यासारखी पाठच नव्हती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "विजय नगर." आपलाच आवाज आपण ऐकावा असं त्या बसमध्ये घडतं. इंजीन नाही मधे बोलायला. मागच्या सीटवर दोघी बायका साबुदाण्याच्या वड्याबद्दल हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि मला एकूण एक शब्द कळत होता. ह्यांच्या मागे स्कूटरवर बसून मी किती बोलली असेन. त्यातलं निम्मं वाऱ्याने नेलं. हे "हो हो" म्हणायचे. कशाला म्हणायचे कोण जाणे.

खिडकीतून जबलपूर सरकून राहिलं होतं, आणि मला ते ओळखू येईना. फॅक्टरीची भिंत एवढी लांब आहे? भोंगा वाजल्यावर ज्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, ते हेच का? आमची जुनी क्वार्टरं झाडांमागून दिसली. त्यापुढचं मैदान. त्या मैदानावर मी सायकल शिकणार होती आणि शिकली नाही. आता तिथे एक मुलगी स्कूटी शिकत होती, पाय दोन्हीकडे जमिनीला घासत. मी मनातल्या मनात तिला म्हटलं, पाय उचल बाई. तिने उचलले. योगायोग असेल, पण श्रेय मी घेतलं.

विजय नगरच्या स्टॉपवर उतरताना ड्रायव्हरने दार उघडं धरून ठेवलं. "आराम से, अम्मा. गाड़ी कहीं नहीं जा रही." मी आरामशीर उतरली. तिथून विमलच्या मुलीचं घर दिसतं. वर जायला लिफ्ट आहे, तीही बोलत नाही.

विमल बाल्कनीत उन्हात बसली होती. माझ्या पावलांचा आवाज तिने ओळखला. "शालू? अगं, आज तर कामाचा दिवस आहे."

"हो."

"अजयला सुट्टी आहे का?"

"नाही."

मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, कादंबरी उघडली. खूण घातलेलं पान सापडलं. सून उंबऱ्यावर, हातात ट्रंक. मी पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं तर विमलने माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. तो खाली थांबला आहे का? आधी चहा पाठव त्याला, मग वाच."

"खाली कोणी नाही, विमल. मी बसने आली. एकटी."

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. तिला माझा आकार दिसत असावा, डोक्यापासून पायापर्यंत. सायकलवरून घामाघूम होऊन येताना क्वार्टरच्या पायरीवर उभी असलेली मी तिला दिसायची, ती आठवत होती की आताची, मी विचारलं नाही. तिने पुस्तक चाचपलं, माझ्या बोटांखालून पानं सोडवून घेतली आणि जाडजूड गठ्ठा उलटा फिरवून पुस्तक माझ्या मांडीवर मिटलं.

"मग पहिल्यापासून वाच," ती म्हणाली. "आणि नदी गाळू नको."